मेहरबानी नको, हक्क हवा : स्वमग्न प्रौढांची मजुरी आणि अनुदान

रोजगाराचा विषय निघाला की आपल्या चळवळीत बिंदुनामावली, अनुशेष, खासगीकरण, कंत्राटीकरण हे शब्द लगेच येतात. यायलाच हवेत. पण आपल्याच वस्तीत एक माणूस असा आहे, जो आपल्या कुठल्याही निवेदनात नसतो. वय पंचवीस ते चाळीस. बोलतो कमी, किंवा एकाच विषयावर खूप बोलतो. डोळ्याला डोळा देत नाही. गोंगाट झाला की कान झाकतो, घरात जाऊन बसतो. ठरलेला क्रम मोडला की बिथरतो. गाव त्याला ‘येडा’ म्हणतं, घरचे ‘भोळा’ म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर ‘मतिमंद’ लिहिलेलं असतं. खरं नाव कुणी सांगितलेलं नसतं. ते नाव आहे स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम.

हा शब्दही तपासून घ्यावा असा आहे. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःत बुडालेला. जणू या माणसाला जगाशी देणंघेणं नाही आणि तो त्याचाच दोष. वास्तवात त्याच्या मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते. आवाज, प्रकाश, स्पर्श, माणसांचं आडवळणाचं बोलणं हे सगळं त्याच्यापर्यंत वेगळ्या पद्धतीने पोचतं. हा रोग नाही, त्यामुळे ‘बरा होण्याचा’ प्रश्न नाही. कायद्यात आणि सरकारी कागदावर हाच शब्द आहे म्हणून आम्ही तो वापरतो. पण नाव कोण ठेवतं आणि ते कोणाला चिकटतं, हा प्रश्न आंबेडकरी माणसाला नव्याने शिकवावा लागू नये.

आम्ही दौंड तालुक्यात केडगाव, चौफुला, वरवंड, यवत या पट्ट्यात काम करतो. अर्ज भरून देणं, दाखल्यांसाठी सोबत जाणं, बँकेत बसणं हे रोजचं काम. त्यातून जे दिसलं, त्यावर हा लेख आहे.

अर्धी मजुरी, म्हणजे नवी वेठ

‘असल्या मुलांना कोण काम देणार?’ असं म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. काम सगळे देतात, मजुरी देत नाहीत.

हा भाग गुळाचा आणि कांद्याचा. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारत राहणं, गाळ्यावर कांदा निवडणं, गोठ्यातलं शेण काढणं, पाण्याच्या पाळ्या सांभाळणं ही कामं एकाच क्रमाने, न कंटाळता, तासन् तास करणारा माणूस मालकाला हवाच असतो. अनेक स्वमग्न माणसं हे काम उत्तम करतात. कांद्याची प्रतवारी करताना एक दाणा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. आमच्या ओळखीचा एक तरुण वर्षानुवर्षं हेच करतो. शेजारी बसणाऱ्याला हजेरी मिळते, याला निम्मी मिळते, तीही आईच्या हातात, आणि कधी नुसता चहा-जेवणावर भागतं. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘त्याला पैशातलं काय कळतंय?’

आपल्या आज्या-पणज्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. गावकीची कामं करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची आणि बदल्यात शिळी भाकरी घ्यायची. काम सक्तीचं आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीचा, ही महारवतनाची रचना होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचं विधेयक आणलं, ते या रचनेवर बोट ठेवूनच. श्रमाला ठरलेला मोबदला आणि माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार, एवढी साधी मागणी होती. वतनं कायद्याने गेली. पण ज्याला मोजता येत नाही, भांडता येत नाही, तक्रार करता येत नाही, त्याच्या अंगावर ती वेठ अजून आहे. किमान वेतनाचा कायदा ‘माणूस डोक्याने कसा आहे’ हे पाहून निम्मा होत नाही, हे आपण गाळ्यावर जाऊन सांगायला हवं.

गावाच्या बाहेर कुरकुंभची एमआयडीसी आहे, शिरूर तालुक्यात रांजणगावची आहे. तिथे चित्र वेगळं. भरती ठेकेदाराकडून. गेटवर गर्दी, दोन मिनिटांची मुलाखत, डोळ्यात बघून फटाफट उत्तरं द्यायची. स्वमग्न माणूस इथेच गळतो. यंत्र चालवता येतं की नाही, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. जो कसाबसा आत जातो, त्याची पाळी आदल्या रात्री फोनवरून बदलली जाते, सुपरवायझर टोमण्यात बोलतो, शेडमधला आवाज डोक्यात जातो. आठ-पंधरा दिवसांत तो घरी असतो. नोंद होते, ‘स्वतःहून काम सोडले’.

हे केवळ केडगावचं दुखणं नाही. ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेला बकलंड अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. कामाच्या वयातल्या दहा स्वमग्न माणसांपैकी साधारण तिघेच नोकरीत आहेत, असं त्यात नमूद आहे. श्रीमंत देशाची ही गत. आपल्याकडे तर मोजदादच नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे प्रकार विचारले गेले, त्यात स्वमग्नतेचा रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून तरतूद नाही. जातनिहाय जनगणनेसाठी भांडणाऱ्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

दोन खिडक्या

व्यवस्थेने या माणसासमोर दोन खिडक्या उघडल्या आहेत. एक नोकरीची, दुसरी अनुदानाची.

नोकरीच्या खिडकीवर त्याने सिद्ध करायचं की मी अगदी इतरांसारखा आहे, मला काही वेगळं लागत नाही. अनुदानाच्या खिडकीवर त्याने सिद्ध करायचं की मला काहीच जमत नाही, मी निराधार आहे. खरा माणूस या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. त्याला काही जमतं, काही जमत नाही, आणि थोडी सोय मिळाली तर बरंच जमतं. पण ‘थोडी सोय’ नावाची खिडकीच नाही.

आधी दाखल्याचं पाहू. स्वमग्नतेचं प्रमाण ठरवण्यासाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली आले तर स्वमग्नता नाही, असं धरलं जातं. ४० टक्के अपंगत्व लागलं तरच पुढचे लाभ. आता तिशीतला माणूस घ्या. मार खाऊन, हसं होऊन, तो वीस वर्षांत स्वतःला लपवायला शिकलेला असतो. नजर कुठे ठेवायची, कधी हसायचं, हे त्याने पाठ केलेलं असतं. तपासणीच्या अर्ध्या तासात तो ‘बरा’ दिसतो. त्याचं बालपण सांगणारी आई म्हातारी झालेली असते किंवा नसतेच. बरं, तपासायला मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ लागतात. ते तालुक्याला मिळत नाहीत. मग पन्नास-साठ किलोमीटरवर पुण्याला जायचं, तेही गर्दीच्या लोकलने, गोंगाट सहन न होणाऱ्या माणसाला घेऊन. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. एका फेरीत काम होत नाही.

यात पिढीचाही प्रश्न आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचं नाव घेतलं. पण नोकरी आणि आरक्षणाच्या हक्कासाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा यावा लागला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकार आले. म्हणजे १९९० च्या आसपास जन्मलेल्याची सगळी शाळा, सगळी उमेद नावाशिवाय गेली. पुण्यातल्या सुस्थितीतल्या घरात निदान तिसऱ्या-चौथ्या वर्षी होतं, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला फिरणाऱ्या घरात तिसाव्या वर्षीही होत नाही. निदानालाही जात आणि वर्ग असतो, तो असा.

पन्नास हजारांची भिंत

दाखला मिळाला असं धरू. आता संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासूनची ही योजना आजही राज्यातल्या दिव्यांगांचा मुख्य आधार आहे. महिना १,००० रुपये होते, २०२३ मध्ये १,५०० झाले, आणि आंदोलनं झाल्यावर, मोझरीचं उपोषण झाल्यावर, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५०० झाले. वाढ झाली ती चांगलीच गोष्ट. पण दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ काय सांगतं? सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. कायदा २०१७ चा, राज्याची वेगळी वाढ २०२५ ची. मधली आठ वर्षं कुणाच्या खात्यावर लिहायची? केंद्राचं निवृत्तिवेतन तर ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तरच, आणि त्यात केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपयेच आहे.

खरी भिंत मात्र उत्पन्नाची अट आहे. दिव्यांगासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. अख्ख्या घराचं. महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एकाच माणसाने या दराने १६१ दिवस काम केलं की घर योजनेच्या बाहेर. याच राज्यात लाडकी बहीण योजनेला उत्पन्नमर्यादा आहे अडीच लाख रुपये, म्हणजे पाचपट. आम्हाला बहिणींच्या पैशाचं दुःख नाही, तो मिळालाच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच आहे की आयुष्यभर आधार लागणाऱ्या माणसाची गरिबी मोजायला पाचपट कडक फूटपट्टी कशासाठी?

या अटीमुळे दोन गोष्टी होतात. पहिली, गरीब माणसाला खोटं बोलावं लागतं. घर तेवढ्यात चालत नाही हे दाखला देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, आणि मंजूर करणाऱ्या समितीलाही माहीत. सगळ्यांना माहीत असलेलं खोटं हे सत्तेच्या सोयीचं असतं. ज्याचा दाखला खोटा, तो कधीच आवाज चढवत नाही. अनुदान चालू राहावं म्हणून तो स्थानिक पुढाऱ्याच्या मर्जीत राहतो. तालुक्याच्या समितीवर नेमणुका राजकीय असतात, म्हणून हक्काची रक्कम ‘साहेबांनी मंजूर करून दिलेली’ होते. मतदानाच्या दिवशी तिची आठवण करून दिली जाते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. अनुदान माणसाला काम करू देत नाही. समजा आमच्या त्या तरुणाला उद्या कुठे सहा हजारांची नोकरी लागली. वर्षाचे ७२,००० झाले. अनुदान जायला हवं. तीन महिन्यांनी पाळी बदलली, आवाज सहन झाला नाही, नोकरी सुटली. आता पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा समितीची बैठक, पुन्हा वाट. कुठली आई हा जुगार खेळेल? ती म्हणते, ‘राहू दे बाबा घरी, आहे ते बरंय.’ लोक याला आळस म्हणतात. आमच्या मते हा हिशोब आहे, आणि तो तिच्या बाजूने बरोबर आहे. चूक योजनेच्या रचनेत आहे.

पैसे खात्यावर येतात, तिथेही एक दार आहे. थेट हस्तांतरणासाठी लाभार्थ्याचं स्वतःचं, आधारशी जोडलेलं खातं लागतं. बँकेत गेलं की सांगतात, ‘याला सही कळत नाही, पालकत्वाचा आदेश आणा.’ प्रत्यक्षात कायद्याचं कलम १३ दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आणि आपले आर्थिक व्यवहार चालवण्याचा हक्क देतं. ज्याला खरंच पालक लागतो, त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय न्यासाची स्थानिक समिती आहे. पण प्रत्येक स्वमग्न माणसाला सरसकट अजाण ठरवणं हे बेकायदेशीर आहे, आणि हे कलम छापून खिशात ठेवलं तर बँकेतली अर्धी भांडणं मिटतात.

एका टक्क्यात पाच वाटेकरी

सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. अंधांना १, कर्णबधिरांना १, अस्थिव्यंग आणि त्यांच्यासोबतच्या गटाला १. चौथा एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या पाचांत मिळून. हे समांतर आरक्षण आहे. अनुसूचित जातीचा स्वमग्न उमेदवार निवडला गेला तर तो अनुसूचित जातीच्या जागेतच धरला जातो. म्हणून ‘आपल्या जागा कमी होतील’ ही कुजबुज बिनबुडाची आहे.

आणि जागा भरल्या जातात कुठे? पदं सुयोग्य ठरवण्याच्या नावाखाली स्वमग्न माणसाला ठरावीक कामांपुरतं बांधलं जातं. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीविषयी मांडलेला युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू पडतो. माणूस काय करू शकतो हे न पाहता जन्मावरून त्याचं काम ठरवलं, तर ती कामाची वाटणी राहत नाही, माणसांचीच उतरंड होते. जर्मनीच्या सॅप कंपनीने २०१३ मध्ये स्वमग्न माणसांना नोकरी देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्याचा सुरुवातीचा प्रयोग बंगळुरूत झाला होता. चांगलं आहे. पण प्रत्येक स्वमग्न माणूस संगणकाचा जादूगार असावा, ही अपेक्षाही अन्यायच आहे. सामान्य बुद्धीच्या माणसाला सामान्य नोकरी मिळणं म्हणजे समता. ‘असामान्य असशील तरच आत ये’ हे आपल्यालाही खूप वर्षं ऐकवलं गेलं.

कायद्यातला कळीचा शब्द आहे ‘वाजवी सोय’. ती नाकारणं हाच भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या विकास कुमार निकालात ही सोय समतेचा भाग असल्याचं ठासून सांगितलं. स्वमग्न कामगाराची सोय काय असते? तोंडी हुकमाऐवजी लिहून दिलेलं काम. पाळी बदलायची तर चार दिवस आधी सांगणं. कानाला आवाजरोधक. मुलाखतीऐवजी दोन दिवस प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची संधी. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

केडगावला हे माहीत होतं

याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं राहिलं, १८९६-९७ च्या दुष्काळाच्या सुमारास. तिथे अंध स्त्रियांसाठी वेगळं सदन होतं. ब्रेल शिकवलं जाई, हाताला काम दिलं जाई. विणकाम, शिवण, छपाई, तेलघाणा, शेती अशी कामं तिथल्या बायका करत होत्या. रमाबाईंनी धर्म बदलला तेव्हा सनातनी तुटून पडले, आणि जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ लिहून त्यांची बाजू घेतली. आज आम्हाला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की समाजाने टाकलेल्या माणसाला निवारा, शिक्षण आणि हुनर एकत्र द्यावा लागतो, ही गोष्ट या गावाने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिली आहे. आज आपण निवारा आईवर सोडला आहे, शिक्षण शाळेने सोडलं आहे, आणि हुनर मालक फुकट वापरतो आहे.

आपल्यातलेच काही आक्षेप

काही साथी म्हणतात, ‘आधी जातीचा प्रश्न, मग हे.’ २०११ च्या जनगणनेत देशातलं अपंगत्वाचं प्रमाण २.२१ टक्के होतं आणि अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. कुपोषण, असुरक्षित बाळंतपण, धोक्याची कामं, उपचार न मिळणं हे सगळं जातीच्या वाटेनेच येतं. म्हणजे हा प्रश्न आपल्याच घरात जास्त आहे. जातीअंताच्या लढाईत त्याची पाळी नंतर येईल, असं म्हणणं म्हणजे घरातल्याच माणसाला रांगेत मागे उभं करणं.

कुणी म्हणतं, ‘मागच्या जन्मीचं आहे, भोगावंच लागतं.’ बौद्ध घरातही हे ऐकू येतं, याचं वाईट वाटतं. मागच्या जन्माचं कर्म सांगून आजच्या विषमतेचं समर्थन करणं बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारलं आहे. मुलाला घेऊन भगताकडे, अंगाऱ्याकडे जाणं बंद करायचं असेल, तर आधी हा विचार घरातून काढावा लागेल.

आणि कुणी म्हणतं, ‘घरच्यांनी सांभाळावं.’ घरचे म्हणजे कोण? आई, नाहीतर बहीण. तिने काम सोडलेलं असतं, तिचं लग्न मोडलेलं असतं, ती आजारी असली तरी दवाखान्यात राहत नाही. आम्हाला प्रत्येक घरात शेवटी एकच प्रश्न विचारला जातो, ‘आम्ही गेल्यावर याचं काय?’ संविधानाचं कलम ४१ बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या अवस्थांत सरकारी साहाय्याचा अधिकार सांगतं. ते आईने सांभाळावं असं सांगत नाही.

मागण्या आणि कामं

राज्याकडे आमच्या मागण्या चार आहेत.

१. निराधार योजनेत कुटुंबाचं नव्हे, व्यक्तीचं उत्पन्न धरा. निदान मर्यादा लाडकी बहीण योजनेएवढी, अडीच लाख करा.

२. दिव्यांग व्यक्ती कामाला लागली तर पहिली दोन वर्षं अनुदान बंद करू नका. नोकरी सुटली तर नव्या अर्जाशिवाय ते पूर्ववत चालू ठेवा.

३. प्रौढांच्या स्वमग्नतेची तपासणी तालुक्याला, ठरलेल्या दिवशी, शांत खोलीत करा.

४. चौथ्या एका टक्क्यातल्या पदांचा अनुशेष प्रवर्गनिहाय जाहीर करा.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला, देशात पहिला असल्याचा अभिमानही मिरवला. आयुक्तालय पुण्यातच आहे. निवेदन घेऊन जायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

पण सगळं राज्यावर सोडायचं नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आपल्या गावात तीन वर्षांत किती खर्च झाला, कशावर झाला, हा माहिती अधिकाराचा एक अर्ज आहे, दहा रुपयांचा. कायद्याचं कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतं, खासगी कंपन्याही त्यात येतात. आपल्या पोरांनी कुरकुंभ-रांजणगावच्या कंपन्यांना पत्र लिहून ते धोरण मागावं. गाळ्यावर, गुऱ्हाळावर अर्ध्या मजुरीवर राबणाऱ्यांची यादी वस्तीवस्तीत करावी आणि पूर्ण हजेरी मागावी. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत एक कोपरा शांत ठेवावा. आणि १४ एप्रिलला मिरवणुकीत पहिला एक तास डीजे बंद ठेवावा. त्या तासात कान झाकून घरात बसणारा आपला भाऊ, आपली बहीण बाबासाहेबांना अभिवादन करायला बाहेर येऊ शकेल. जयंती त्यांचीही आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून करायला शिकवलेलं नाही. जो भांडू शकत नाही, त्याच्या वतीने भांडण्यासाठीच संघटना असते. पुढच्या निवेदनात हा विषय असू द्या, आणि ते लिहिताना त्या माणसाला शेजारी बसवून त्याला काय हवंय ते विचारा. तो उशिरा उत्तर देईल, कदाचित लिहून देईल. थांबा.

जयभीम!